बाजूची खुर्ची

प्रिय इरा आणि कबीर,

मागच्या रविवारी इराने फोनवर विचारलं, "आजी, तू कधी खरीखुरी लीडर बाई पाहिलीस का? टीव्हीवरची नको, ओळखीतली सांग." शाळेसाठी काहीतरी लिहून न्यायचं होतं. मी "आठवून सांगते" म्हटलं आणि विषय बदलला. आठवायला काही वेळ लागला नव्हता. डॉ. हेमांगी राऊत लगेच डोळ्यांपुढे आल्या होत्या. पण शाळेत उभं राहून वाचता येईल असं त्यांच्याबद्दल काय सांगावं, ते सुचेना. शाळेला अभिमानाची माणसं लागतात. राऊत मॅडमचा मला अभिमान आहेच, पण तो बाहेर काढायला गेलं की त्याला चिकटून लाजही वर येते. ती त्यांची एकटीची आहे की आम्हा सगळ्यांची, हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही. म्हणून हे शाळेसाठी नाही, तुम्हा दोघांसाठी लिहिते आहे. अडेल तिथे आईला विचारा.

राऊत मॅडम सरकारी डॉक्टर होत्या. डहाणू रोडला आमच्या मागच्या गल्लीत, चिकूच्या वाडीला लागून त्यांचं घर. रोज सकाळी बबन ड्रायव्हर जीप घेऊन यायचा आणि त्या तलासरीच्या बाजूला आपल्या कार्यालयात जायच्या. कार्यालयाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तिथले मोठे साहेब निवृत्त झाले तेव्हा नियमित अधिकारी येईपर्यंत मॅडमनी काम पाहावं असा आदेश निघाला. याला प्रभारी म्हणतात. पुढे ठाण्यातून आपला पालघर जिल्हा वेगळा झाला, कचेऱ्या हलल्या, पाट्या बदलल्या. नियमित अधिकारी काही आले नाहीत. त्या आपल्या प्रभारीच.

मी पहिल्यांदा त्यांच्या कार्यालयात गेले तेव्हा टेबलामागे साहेबांची उंच पाठीची खुर्ची रिकामी होती. तिच्या पाठीवर पांढरा शुभ्र टॉवेल होता. मॅडम टेबलाच्या कडेला, वेताच्या लहान खुर्चीवर बसून सह्या करत होत्या. प्रभारी माणसाने मुख्य खुर्चीत बसायचं नाही, असा कुठे लेखी नियम नाही. पण आधीच्या साहेबांनी जाताना "खुर्ची सांभाळा हं, बाई" म्हटलं होतं, आणि मॅडमनी ती अक्षरशः सांभाळली. दर सोमवारी तो टॉवेल त्या स्वतः घरून धुऊन आणायच्या.

माझ्यासमोरच एक गृहस्थ दारात आले. रिकामी खुर्ची पाहून म्हणाले, "साहेब नाहीत का?"

"साहेब रजेवर आहेत," मॅडम मान वर न करता म्हणाल्या.

"कधी येतील?"

"ते देवाला आणि मंत्रालयाला ठाऊक. तोवर माझ्याकडून काम होतंय का बघा."

गृहस्थ गेल्यावर त्या इतक्या मोठ्याने हसल्या की व्हरांड्यातलं कुत्रं उठून उभं राहिलं. त्यांचं हसणं असंच होतं, अंगणात भांडी पडल्यासारखं. रागावल्या की त्या गुजरातीत शिरायच्या. त्यामुळे कार्यालयात "मॅडम गुजरातीत गेल्या" असं कोणी म्हटलं की सगळे आपापल्या टेबलाशी चिकटायचे.

किल्ल्यांच्या जुडग्यात त्यांचं एक नेलकटर असे. पाड्यावर गेल्या की समोर येईल ते मूल मांडीवर घ्यायचं आणि त्याची नखं कापत कापत आईशी बोलायचं, ही त्यांची पद्धत. म्हणायच्या, "मूल दुसरीच्या मांडीवर असलं की आई खोटं बोलत नाही. तिचं सगळं लक्ष त्या बोटांकडे असतं." तुमच्या आजोबांचा हात मोडला होता तेव्हा रोज संध्याकाळी येऊन प्लास्टर बघायच्या आणि एकदा न विचारता त्यांचीही नखं कापून गेल्या. आजोबा नंतर मला म्हणाले, "या बाईंपुढे मी काय काय कबूल केलं ते आता आठवत नाही."

आता सुमनबद्दल. सुमन धोडी ही आशागडजवळच्या पाड्यावरची, वारली घरातली नर्स. जीप आशागडला थांबायची, सुमन मागे चढायची आणि मॅडम पुढच्या सीटवरून मागे हात करून विचारायच्या, "सुमे, आज काय?" म्हणजे डब्यात काय. सुमनची तांदळाची भाकरी आणि मॅडमचं सुकट, असं दोघींचं दुपारी एकत्र जेवण ठरलेलं. नोकरीला लागली तेव्हा सुमन मान वर करून बोलत नसे म्हणे. मॅडमनी तिला बोलती केली. एका पाड्यावर बायका मुलांना टोचून घ्यायला तयार नव्हत्या. मॅडम झाडाखाली बसून नखं कापत राहिल्या आणि सुमनला म्हणाल्या, "तू बोल. माझं ऐकून या माना डोलावतात. तुझं ऐकलं तर उठतील." सुमन तिच्या भाषेत बोलली. आधी एक म्हातारी उठली, मग बाकीच्या. हे मला दोघींनीही सांगितलं, आणि दोघींनी सांगताना श्रेय दुसरीला दिलं.

मी या सगळ्यात कशी आले, तेही सांगायला हवं. माझ्या एका विद्यार्थिनीची मुलगी, कल्याणी, मुंबईच्या एका संस्थेत काम करायची. आरोग्याच्या कामात तळाशी इतक्या बायका असून वरच्या जागांवर इतक्या कमी का, आणि ज्या वर गेल्या त्यांना आधार कशाचा मिळाला, याचा अभ्यास ती करत होती. २०१६ साल असेल. डहाणू आणि तलासरीत तिला बायकांशी बोलायचं होतं आणि ते बोलणं इंग्रजीत उतरवायला कोणीतरी हवं होतं. मी कॉलेजात आयुष्यभर इंग्रजी शिकवलेलं. मी तयार झाले.

पहिली मुलाखत राऊत मॅडमची. कल्याणीने अदबीने विचारलं, "मॅडम, तुम्हाला पुढे जाताना अडथळे कोणते आले?"

"मला कोणीही अडवलं नाही," मॅडम म्हणाल्या. "उलट सगळ्यांनी माझी काळजीच केली."

मग त्यांनी नक्कल करून दाखवली. त्या नकला फार सुंदर करायच्या. कायम पदासाठी नावं मागवली होती, त्या वेळी त्याच आधीच्या साहेबांनी यांचं नाव पाठवलंच नाही. विचारायला गेल्या तर साहेबांनी पेपरवेट डावीकडून उजवीकडे सरकवला, घसा खाकरला आणि म्हणाले, "घरी म्हाताऱ्या सासूबाई, दोन मुली, त्यात दौरे... बाई, मी तुमचाच विचार केला." मॅडम तो पेपरवेट सरकवायच्या, ते खाकरणं, ती मान तिरकी करून केलेली काळजी, सगळं हुबेहूब. कल्याणीला हसू आवरेना. मीही हसले. "मी तुमचाच विचार केला" हे आमच्यात परवलीचं वाक्यच होऊन गेलं. चहात साखर कमी पडली तरी आम्ही तेच म्हणायचो.

विवळवेढ्याच्या यात्रेतली एक गोष्ट सांगते. चैत्रात महालक्ष्मीची यात्रा भरते, उन्हाचा कहर असतो, आणि रस्त्याकडेला आरोग्यखात्याचा मांडव असतो. मॅडम सकाळपासून उभ्या. कोणाला भोवळ, कोणाला जुलाब, कोणाचं पोर हरवलेलं. दुपारी एक पुढारी आले. मांडवात खुर्चीवर डॉ. नीलेश बसले होते, वयाने लहान, नुकतेच लागलेले, मॅडमच्या हाताखालचे. पुढाऱ्यांनी सरळ त्यांच्या खांद्यावर शाल घातली आणि हातात नारळ दिला. टाळ्या झाल्या. नीलेश बिचारे गडबडले. "साहेब, मॅडम इथे आहेत, त्याच प्रमुख..."

"हो हो, सिस्टरनापण एक फूल द्या रे," पुढारी म्हणाले.

मॅडमनी फूल घेतलं, केसात खोचलं आणि सगळ्यांत मोठ्याने टाळ्या वाजवल्या. परतताना चारोटीला जीप थांबवून आम्हाला चहा पाजला आणि टपरीसमोर त्या पुढाऱ्याची नक्कल केली. आम्ही पोट धरून हसलो. सुमन हसली नाही. ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही सांगायचं ना त्यांना."

"काय सांगू? शाल माझी आहे म्हणून?"

"हो."

"सुमे, अशा शाली अंगावर घेतल्या तर या उन्हात घामोळं येईल." परत हशा. सुमनने पेला धुऊन टपरीवाल्याकडे दिला आणि आधी जीपमध्ये जाऊन बसली. तेव्हा मला ते हट्टी वाटलं.

मग ती बैठक झाली. कल्याणीचं काम संपत आलं होतं. तलासरीला एका सभागृहात तिने सगळ्या नर्सना आणि आशाताईंना बोलावलं होतं. मॅडमही होत्या. मधली मोठी खुर्ची त्यांच्यासाठी ठेवली होती. सवयीने त्यांनी ती सोडली आणि कडेच्या खुर्चीवर बसल्या. कल्याणी म्हणाली, प्रत्येकीने दोनच गोष्टी सांगायच्या. तुमचा हात कोणी धरला आणि तुम्हाला कोणी अडवलं.

सगळ्या खुलून बोलल्या. कोणाला सासूने अडवलं, कोणाला नवऱ्याच्या दारूने. कोणाच्या गावाला संध्याकाळनंतर एसटी नव्हती. एकीने "माझा हात म्हशीने धरला, तिच्या दुधावर मी शिकले" म्हटलं तेव्हा सभागृह हसून हसून लोळलं. सुमनची पाळी आली.

"हात धरला तो मॅडमनी," ती म्हणाली. मॅडमनी हात हलवून ते उडवून लावलं, पण चेहरा फुलला होता.

"आणि अडवलं कोणी?" कल्याणीने विचारलं.

 सुमन शांतपणे म्हणाली, "मॅडमनीच."

मॅडम ते भांडी पडल्यासारखं हसल्या. "अगं, दिवाळीत रजा नाही दिली म्हणून का?"

"नाही. नागपूरचं, मॅडम."

नागपूरला नर्सना वर्षभराच्या शिक्षणासाठी खात्यातर्फे पाठवत. ते करून आलं की पर्यवेक्षिकेची, पुढे त्याहून वरची वाट मोकळी होई. नाव कार्यालयातून जावं लागे. सुमनचं नाव मॅडमनी पाठवलं नव्हतं. ते मला माहीत होतं. त्यांनी स्वतःच मला कधीतरी अंगणात सांगितलं होतं, की धाकटा अंगावर पिणारा, नवऱ्याचं भाताचं शेत, कशी राहील पोरगी तिकडे, मी नाव पाठवलंच नाही, उगाच जीव टांगणीला. मी मान डोलावली होती. मला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं.

"तुझा धाकटा तेव्हा अंगावर पीत होता, सुमन," मॅडम म्हणाल्या. हसू अजून चेहऱ्यावर होतं, पण आता त्याला जागा राहिली नव्हती.

"हो. माझी आई बरोबर यायला तयार होती. आम्ही राहायची खोली पण विचारून ठेवली होती. मी वाट बघत होते, तुम्ही कधी विचारता. मग दुसऱ्या तालुक्यातल्या बाईचं नाव लागल्याचं कळलं."

"मला बोलली नाहीस कधी?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

"अगं, घरी तान्हं मूल, म्हातारी माणसं... मी तुझाच विचार केला."

ते वाक्य तोंडातून निघालं आणि मॅडमचा हात टेबलावर तसाच थांबला. तिथे पाण्याची एक बाटली होती. बोलता बोलता त्यांनी ती डावीकडून उजवीकडे सरकवली होती. मान तिरकी होती. घसासुद्धा त्यांनी खाकरला होता. ती नक्कल नव्हती.

कल्याणीने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. त्या सभागृहात बहुतेक बायकांना काही कळलं नाही, त्यांनी साहेबांची नक्कल पाहिलीच नव्हती. पण सुमनने ती कित्येकदा जीपमध्ये पाहिली होती. ती खाली बसली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. एखाद्याचं उघडं पडलेलं अंग चुकून दिसावं तसं तिला झालं असावं. मॅडम उठून बाहेर गेल्या नाहीत. शेवटच्या बाईचं बोलणं संपेपर्यंत त्या त्याच खुर्चीवर बसून होत्या आणि प्रत्येकीकडे पाहत होत्या. मला वाटतं, असं धाडस मी आयुष्यात मोजकंच पाहिलंय, आणि तेही मी धड वर मान करून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून सुमन जीपने येईनाशी झाली. ती एसटीने नाहीतर टमटमने यायची. भांडण नाही, अबोला नाही. काम तेच, बोलणं कामापुरतं. फक्त बबनची सवय जाईना. आशागड आलं की जीप आपोआप हळू व्हायची आणि मॅडम दुसऱ्या बाजूच्या भातखाचरांकडे बघत राहायच्या. डब्यातलं सुकट त्या माझ्याकडे पाठवू लागल्या. "एवढं मला एकटीला संपत नाही," म्हणायच्या.

काही आठवड्यांनी त्या मला म्हणाल्या, "पालघरला येता का बरोबर? सुमनसाठी एकदा बोलून बघते. स्वतःसाठी मला कधी मागता आलं नाही. दुसरीसाठी येतं का पाहू."

आम्ही सकाळपासून एका साहेबांच्या दाराबाहेर बाकावर बसलो. दुपारी आत बोलावलं. साहेब तरुण होते, वागायला सभ्य. कागद पाहून म्हणाले, "मॅडम, यांची वयाची अट उलटून गेली. त्या वर्षी पाठवलं असतं तर नक्की झालं असतं." मग समजुतीच्या सुरात म्हणाले, "आणि आता या वयात त्यांना तरी कशाला त्रास?"

मॅडमनी कागद उचलले. जिन्यावरून उतरताना त्यांनी कठडा धरला होता. यापूर्वी मी त्यांना कधी कठडा धरताना पाहिलं नव्हतं.

परतताना त्यांनी जीप सरळ सुमनच्या उपकेंद्राकडे घ्यायला सांगितली. सुमन ओट्यावर लशीच्या डब्यातल्या बर्फाच्या पिशव्या उन्हात वाळत मांडत होती. तिथे आशाताई होती, दोन गरोदर बायका होत्या. मॅडम त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, "सुमन, मी पालघरला जाऊन आले. वयाची अट गेली. आता होणार नाही. माझ्यामुळे राहिलं."

मला वाटलं, सुमन म्हणेल, जाऊ द्या मॅडम. आपल्याकडे तसंच म्हणायची पद्धत आहे. समोरचा शरमला की आपण घाईघाईने त्याच्या अंगावर पांघरूण घालतो. मी स्वतः तोंड उघडणार होते.

सुमन म्हणाली, "हो, मॅडम." मग शेवटची पिशवी मांडली आणि विचारलं, "पाणी घेणार?" आम्ही पाणी प्यायलो आणि निघालो.

त्यानंतर मॅडमनी साहेबांची नक्कल कधी केली नाही. एकदा चहात साखर कमी पडल्याचं मी म्हटलं आणि कल्याणी फोनवर जुन्या सवयीने ते वाक्य बोलून गेली. मी तिला गप्प केलं, मॅडम शेजारी नसतानासुद्धा.

२०१८ला त्या निवृत्त झाल्या, प्रभारी म्हणूनच. निरोपाच्या दिवशी सगळ्यांनी आग्रह केला, आज तरी मोठ्या खुर्चीत बसा, एक फोटो काढू. त्या बसल्या नाहीत. पूर्वी नसत्या बसल्या तर तो मानीपणा म्हणता आला असता. त्या दिवशी त्यांनी टॉवेलची घडी घालून खुर्चीच्या हातावर ठेवली आणि म्हणाल्या, "हे मी धूत बसले. खुर्चीत बसले असते तर सुमनचं नाव घ्यायला जीभ तरी उचलली असती कदाचित." सुमन मागच्या रांगेत उभी होती. तिने ऐकलं की नाही, सांगता येत नाही. दोनच महिन्यांनी नियमित अधिकारी आले. पुरुष होते, माणूस चांगला, पहिल्या दिवशीच खुर्चीत बसला.

आता शेवटचं. २०१९ साल. माझं पालघरला काही काम होतं. आरोग्यखात्याच्या एका प्रशिक्षणाच्या इमारतीसमोरून रिक्षा जात होती, तर पायऱ्यांवर राऊत मॅडम! मांडीवर पाच-सहा महिन्यांचं बाळ, आणि जुडग्यातलं नेलकटर त्याच्या इवल्या बोटांवर चालू. मी रिक्षा थांबवली.

"नातू झाला? मला कळवलं नाहीत!"

"नातू कुठला! मनीषाचा आहे." मनीषा ही त्यांच्याच जुन्या कार्यालयातली तरुण नर्स. तिचं नाव काही आठवड्यांच्या प्रशिक्षणासाठी आलं होतं. मॅडम म्हणाल्या, "तिच्या घरी गेले होते. सांगितलं, मी विचारायला आलेय, ठरवायला नाही. ती म्हणाली, जायचंय, पण सासूचं ऑपरेशन झालंय, बाळ कोण बघेल? म्हटलं, मी रिकामीच आहे."

"रोज येता डहाणूहून?"

"ड्युटी आहे," त्या म्हणाल्या. पण हसल्या नाहीत. केस पार पांढरे झाले होते. मी म्हटलं, आत खुर्च्या आहेत, सावलीत बसा. तर म्हणाल्या, "इथून बरं. दूध पाजायला तिला बाहेर यावं लागतं, लांब नको."

तेवढ्यात आतून सुमन आली. मनीषाबरोबर सोबतीला आली होती. केसांत तिच्याही रुपेरी झाक. मला तिने ओळखलं, नमस्कार केला.  एक पायरी खाली उतरली, बाळाच्या कपाळाला उलटा हात लावून पाहिला आणि पिशवीतून एक सुती टोपी काढून पुढे केली.

"टोपी घाला त्याला. ऊन चढलंय."

मॅडमनी नेलकटर बाजूला ठेवलं आणि टोपी घेतली. या बाईला त्यांनी जन्मभर सुमे म्हटलं होतं.

"हो, सिस्टर," त्या म्हणाल्या.

सुमन आत गेली. मॅडम कितीतरी वेळ त्या टोपीची नाडी बाळाच्या हनुवटीखाली बांधत होत्या.

तुमची,
आजी